कोच्चाप्पीचं दुसरं वाक्य

कोच्चाप्पीला आपण ओळखत होतो, असं चात्तुण्णीला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. केरळातल्या आलप्पुळच्या नाटक कंपनीत दोघं कितीतरी वर्षं बरोबर होते. चात्तुण्णी पेटी वाजवायचा, कोच्चाप्पी कामं करायचा. एकाच होडीतून देवळांच्या उत्सवांना जायचे. चात्तुण्णी त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायचा. पण कोच्चाप्पीला बायको होती का, हेही चात्तुण्णीला ठाऊक नव्हतं. विचारलं की तो म्हणायचा, "कुठल्या गावातली विचारतोस?"

कंपनीच्या गाजलेल्या नाटकात तो जमीनदाराचा कारभारी व्हायचा. विधवेला झोपडीतून हुसकायला जायचा आणि केरसुणीचा मार खायचा. "हळू मारा बाई, केरसुणीसुद्धा मालकांची आहे!" लोक मांडव डोक्यावर घ्यायचे. हशा ओसरेपर्यंत कोच्चाप्पी थांबायचा आणि मग हलकेच म्हणायचा, "आणि पाठही त्यांचीच." सगळं चिडीचूप. त्याचा जीव या दुसऱ्या वाक्यात होता.

नाटकाचा सिनेमा निघाला. मोठी कामं मोठ्या नटांकडे गेली. कारभारी मात्र कोच्चाप्पीच राहिला. कॅमेऱ्यासमोर पहिलं वाक्य झालं आणि तो थांबला.

"कट! काय झालं?" दिग्दर्शक ओरडला.

"लोक हसतायत ना, साहेब."

"कोण लोक? इथं फक्त लाइटवाले आहेत."

पुन्हा केलं, पुन्हा थांबला. फिल्म वाया जात होती. "आता थांबलात तर घरी जा. तुमचे कपडे दुसऱ्याला चढवतो."

पेटी घेऊन तिथंच बसलेल्या चात्तुण्णीला कंपनीची जुनी खूण आठवली. प्रेक्षक आंबट तोंडाचे निघाले, की तो पेटीचा खालचा सूर धरून ठेवायचा. म्हणजे हशा येणार नाही, थांबू नका, पळा. सिनेमात आवाज नंतरच भरायचा होता, त्यामुळे आत्ता पेटी वाजली तरी चालणार होतं. त्यानं सूर धरला. कोच्चाप्पीनं दोन्ही वाक्यं एका दमात उरकली. दृश्य पास झालं.

"एवढे वाईट प्रेक्षक होते?" त्यानं बाहेर येऊन विचारलं.

"अहो चेट्टा, प्रेक्षकच नव्हते!"

"मग वाईटच की."

झावळ्यांच्या टॉकीजमध्ये सिनेमा लागला. केरसुणीच्या वाक्याला असा हशा उसळला, की पुढचं वाक्य बुडालं. पडद्यावर नुसते ओठ हलले.

"घे," कोच्चाप्पी चात्तुण्णीला म्हणाला, "पळव अजून!" मग तो लुंगी सावरत बाकावर उभा राहिला. हशा ओसरू दिला आणि खणखणीत म्हणाला, "आणि पाठही त्यांचीच!" पडद्यावर तोवर नायकानं नायिकेच्या पाठीवर हात ठेवला होता. टॉकीज फुटायची बाकी राहिली.

"इथं हसायचं नसतं, गाढवांनो!"

मग तो रोजच जाऊ लागला. टॉकीजचा मालक त्याला फुकट सोडायचा. अर्धे लोक याच तमाशासाठी यायचे. कोच्चाप्पी रोज बोलायचा, लोक रोज हसायचे, तो रोज शिव्या घालायचा.

एका दुपारच्या खेळाला काथ्याचे दोर वळणाऱ्या बायका आल्या होत्या. कोच्चाप्पी उभा राहून बोलला. कुणीच हसलं नाही. एक म्हातारी तेवढी मागं वळून म्हणाली, "खरं आहे रे बाबा."

उरलेला सिनेमा न बघताच तो बाहेर पडला. होडीच्या धक्क्यावर चात्तुण्णी भेटला. त्याला हे सगळं सांगितलं. थोड्याच दिवसांत कोच्चाप्पी उत्तरेकडच्या कुठल्याशा कंपनीत गेला, पुन्हा दिसला नाही. त्या दिवशी धक्क्यावर चात्तुण्णीनं त्याला एवढंच विचारलं होतं,

"मग चेट्टा, उद्या टॉकीजला जाणार?"

"आता कशाला? तुझी छत्री दे जरा."

"परत आणाल?"

"आणतो की."