म्हशीच्या चालीचं इंजिन

आमच्या घरी दूध घालणारे चन्नूमामा डर्ट बाईकवरून येतात, हे मी कॉलेजात सांगायचे तेव्हा कुणाला पटायचं नाही. डर्ट बाईक म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारायची गाडी. उंच सीट, गुठळ्या गुठळ्यांचे टायर, नावापुरतं मडगार्ड. तिला दोन्ही बाजूंनी दुधाची कॅन अडकवून पन्नाशीतला एक मिशाळ माणूस रोज सकाळी उचगावातून निघायचा आणि येता येता निम्म्या वळणांना दूध पाजायचा.

त्यांचं खरं नाव चन्नवीर गवळी. गल्लीत सगळे चन्नूमामा म्हणतात. गाडी मूळची सयाजीची. सयाजी शिवाजी पेठेतला मेकॅनिक; तरुणपणी मातीच्या शर्यतींत पळायचा. गळ्याजवळचं हाड दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा त्याच्या बायकोनं, संयोगितावहिनींनी, घरात एक तर गाडी राहील नाही तर मी, असं सांगितलं. सयाजीनं विचार करायला वेळ मागितला. ही गोष्ट वहिनी अजून पाहुण्यांना चहा देताना सांगतात. शेवटी वर्षभराच्या दुधावर सौदा झाला आणि गाडी मामांच्या गोठ्यात आली.

मामांना ती शर्यतीसाठी नको होती. म्हशीसाठी हवी होती.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, कपाळावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ, अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची. मग मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मागं. दावं नाही, काठी नाही. म्हशीनं फक्त मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून गर्दीतून पळत यायचं. चारचौघांत ती आली की मालकाची छाती फुगते. नाही आली, तर त्याचं गोठ्यात लक्ष नाही असं सगळे समजतात.

मामांची म्हैस सगुणा. तिची आई ती लहान असतानाच गेली. मामांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मामा बाहेरून आले की आधी गाडीचा आवाज यायचा, मग बाटली यायची. त्यामुळं सगुणाच्या डोक्यात ती डर्ट बाईक म्हणजे साधारण आई होती.

ही आई मात्र लहरी होती. टू-स्ट्रोक इंजिन शर्यतीसाठी तयार केलं की त्याचा एक स्वभाव होतो. हळू फिरताना त्यात काहीच दम नसतो. बंब बंब करत कुंथत राहतं. एका ठरावीक वेगाला पोचलं की सगळी ताकद एकदम सुटते आणि गाडी हातातून निघून जाते. मामा याचं वर्णन त्यांच्या धंद्यातल्या शब्दांत करायचे. म्हणायचे, "ही पान्हा चोरती. चोरती, चोरती, आन् मग एकदम बादली भरून सांडती."

मागच्या पाडव्याला तेच झालं. सगुणा नटून मागं पळत होती, मामा पुढं बंब बंब करत होते. गाडी मरायला लागली म्हणून त्यांनी मूठ जरा जास्त पिळली. पुढचं चाक उचललं, आणि गाडी मामांना घेऊन फटाक्यांच्या स्टॉलशेजारच्या रसवंतीत शिरली. उसाच्या मोळीवर पडल्यामुळं लागलं नाही. लोक ओरडले, "आरं पडला, पडला!" सगुणा जागच्या जागी थांबली आणि रसवंतीकडं बघत उभी राहिली. नंतर तिनं तिथला चोथा खाल्ला.

त्यावर मामांच्या आईनं, मल्लव्वानं, निकाल दिला. गोठा तिच्या नावावर आणि शब्दही तिचाच. सत्तरी ओलांडलेली ही बाई आवाज चढवत नाही, त्यामुळं जास्त भीती वाटते. ती म्हणाली, "म्हशीनं मालकाला सोडलं असतं तर म्हशीला बोललो असतो. हितं मालकच म्हशीला सोडून गेला." पुढच्या पाडव्याला सगुणा शेवटपर्यंत मामांच्या मागं पळाली नाही, तर ती थोरल्या भावाकडं, सोमशेखरकडं, हातकणंगल्याला जाणार, असं ठरलं. सोमशेखरच्या गोठ्यात फरशी आहे, पंखे आहेत, धार काढायचं मशीन आहे. तो म्हशी पळवत नाही. त्याच्या मते म्हैस उभी राहिली की दूध वाढतं.

मामा त्यानंतर वर्षभर नीट जेवले नाहीत, असं ते सांगतात. मला तसं दिसलं नाही, पण काळजी खरी होती. श्रावण संपता संपता एका सकाळी दुधाचं माप ओतता ओतता त्यांनी मला विचारलं, "स्नेहल, तू इंजनेर झालीस न्हवं? मग एवढं कर. गाडी म्हशीच्या चालीनं चालली पाहिजे. मधी झटका नको."

मी तेव्हा नुकतीच शिरोलीच्या एका मशिन शॉपमध्ये लागले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे भोकं पाडायची. कुणीतरी मला आख्खं इंजिन देतोय म्हटल्यावर मी हो म्हणायला मापभर दूध ओतायचाही वेळ घेतला नाही.

सयाजीच्या गॅरेजात आम्ही इंजिन उघडलं. दोष लगेच सापडला, कारण तो सयाजीनं स्वतःच्या हातानं केलेला होता. शर्यतीसाठी त्यानं सिलिंडरमधून धूर बाहेर पडायची खिडकी कानस लावून वर सरकवली होती. त्यामुळं वरच्या वेगाला ताकद मिळते आणि खालची निघून जाते. ती कानस त्याच्याकडं अजून होती. त्यानं ती कुणीतरी पदक दाखवावं तशी मला दाखवली.

त्यानं जुन्या बाजारातून कानस न लागलेला सिलिंडर मिळवला. मी लेथवर लोखंडाची एक जाड कडी कातली आणि ती इंजिनाच्या मॅग्नेटवर, म्हणजे आत फिरणाऱ्या जड चाकावर, बसवली. चाक जड झालं की इंजिन एकदम उसळत नाही आणि एकदम मरतही नाही. सायलेन्सरकडं जाणारा पाइप आम्ही लांब केला, म्हणजे ताकद लवकर आणि पसरून मिळेल. मामा रोज येऊन बसायचे आणि इंजिनाला हात लावून ताप बघायचे. एकदा त्यांनी पेट्रोलमध्ये ऑइलबरोबर थोडं सरकीचं तेल घालावं का, असं विचारलं. सगुणाला ते मानवलं होतं.

चाचणी मामांच्या पद्धतीनं झाली. पाठीमागं दुधाचं काठोकाठ भरलेलं कॅन, झाकण काढून. पहिल्या दिवशी मामा परत आले तेव्हा त्यांची पाठ पांढरी होती. आम्ही कडी थोडी आणखी जड केली. पुढच्या वेळी फक्त शर्टाची कड भिजली. असं करत करत दसऱ्याच्या आसपास एका संध्याकाळी मामा उचगावच्या फाट्यापर्यंत जाऊन आले आणि कॅनमधलं दूध जसंच्या तसं होतं. वर साय धरायला लागली होती. इंजिन शिलाई मशीनसारखं चालत होतं. सयाजीनं डोळे पुसले. मला वाटलं आनंदानं, पण तो म्हणाला की एका चांगल्या गाडीचं आपण काय करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी सगुणाला मोकळी सोडली, गाडी चालू केली आणि गोठ्यासमोरून हळूहळू निघाले.

सगुणा हलली नाही.

मामा वळून परत आले. पुन्हा गेले. सगुणानं गाडीकडं पाहिलं, मग गाडीच्या पलीकडं पाहिलं, रस्त्याच्या टोकापर्यंत. तिची गाडी यायची होती. ही कुणाची तरी दुसरीच होती. जरा वाट बघून ती चिखलात बसली.

मामांनी हाका मारल्या, पेंड दाखवली, जुना शर्ट घातला. सायलेन्सर काढून बघितला. आवाज मोठा झाला, पण एकसारखाच राहिला. सगुणाला मोठा आवाज नको होता. तिला कुंथणं हवं होतं, आणि मग ते किंचाळणं. म्हणजे नेमकं तेच, जे आम्ही दीडेक महिना खपून काढून टाकलं होतं.

जुना सिलिंडर परत बसवावा, असं सयाजी फार उत्साहानं म्हणाला. मामांना पुन्हा रसवंतीत जायचं नव्हतं. तेव्हा मी माझ्या परीनं तांत्रिक उपाय काढला. मागच्या पाडव्याचा व्हिडिओ मामांच्या फोनमध्ये होता. त्यातला आवाज स्पीकरवर लावायचा आणि स्पीकर गाडीला बांधायचा. उपाय चालला. जुना आवाज सुरू होताच सगुणा ताडकन उठली आणि शेपटी वर करून मागं पळायला लागली. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात स्पीकरमधून लोक ओरडले, "आरं पडला, पडला!" आणि सगुणा जागच्या जागी थांबली. तिनं उसाच्या चोथ्यासाठी आजूबाजूला बघितलं. मी तो ओरडा कापून व्हिडिओ जोडून पाहिला, पण त्याच्या आधीचा तुकडा इतका लहान होता की गाडी दर थोड्या वेळानं नव्यानं सुरू झाल्यासारखी वाटायची. सगुणा दर वेळी थांबून नव्यानं पळायची. असा प्रवास पाडव्यापर्यंत संपला नसता.

तोडगा रागातून निघाला. मल्लव्वा गोठ्यात धार काढत होती. तिनं विचारलं, पहिल्या आवाजात असं काय होतं एवढं? मामा वैतागून म्हणाले, काय असणार, आणि तोंडानं करून दाखवलं. आधी गाल फुगवून बंब, बंब, बंब. मग जरा थांबून, मान वर करून, नाकातून ट्यँऽऽऽ. मागं खुंटा उपटल्याचा आवाज आला. सगुणा दाव्यासकट, खुंट्यासकट मामांच्या पाठीला नाक लावून उभी होती.

पाडव्यापर्यंत मामा गाडीवर बसून सराव करत राहिले. खाली इंजिन गुपचूप चालायचं, वर मामा इंजिन व्हायचे. गियर बदलताना आवाज खाली आणायचा, चढाला कुंथायचं, हे सयाजीनं त्यांना बसून शिकवलं. या कामात तो पुन्हा खुश झाला. उचगावातल्या लोकांनी आधी हसून घेतलं. नंतर मामांना रस्त्यात थांबवून ते सुचवू लागले, की ट्यँ जरा आणखी बारीक पाहिजे.

पाडव्याच्या सकाळी सोमशेखर टेम्पो घेऊनच आला. त्यानं टेम्पो शर्यतीच्या टोकाला लावला, मागची फळी उघडून आत गवत पसरलं. मामांनी ते बघितलं आणि खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. घसा तसा उरलेलाच नव्हता. सरावानं आवाज आधीच बसला होता.

तरी सुरुवात झकास झाली. मामा पुढं, सगुणा मागं, तुऱ्यातली मोरपिसं हलतायत, दोन्ही बाजूंनी शिट्ट्या. गाडीला एक झटका नाही. जुनी रसवंती आली तशी सगुणानं एकदा तिकडं बघितलं, पण मामांनी जोरात ट्यँऽऽ केलं आणि ती वळली नाही. मी आणि मल्लव्वा पुढच्या वळणावर उभ्या होतो. तिथंच मामांचा घसा गेला. त्यांनी गाल फुगवले, तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा फुगवले. सगुणा रस्त्याच्या मधोमध थांबली. तिच्यामागं दुसऱ्यांच्या म्हशी येत होत्या. पोलिसानं शिट्टी मारली. मामा गाडीवर बसल्या जागी मागं वळून सगुणाकडं बघत होते आणि तोंड मिटत-उघडत होते.

मल्लव्वानं आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. तिनं इकडंतिकडं बघितलं, पदर तोंडाजवळ धरला आणि हळूच म्हणाली, "बंब, बंब."

सगुणाचे कान फिरले.

म्हातारीनं पदर खाली घेतला आणि गर्दीच्या देखत मान वर करून असलं ट्यँऽऽऽ काढलं, की सयाजी नंतर म्हणाला, त्याला त्याच्या शेवटच्या शर्यतीची आठवण झाली. अडचण एवढीच, की आता सगुणा तिच्याकडं यायला लागली. लोक बाजूला झाले. म्हैस येऊन मल्लव्वासमोर उभी राहिली आणि मामा रिकामी गाडी घेऊन पुढं उभे.

मल्लव्वानं दोघांकडं बघितलं. मग ती चालत गाडीपाशी गेली, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मामांच्या मागं चढून बसली.

"मी वरडतो," ती म्हणाली. "तू चालव. आन् पाडलास तर बघ."

मामांनी क्लच सोडला. त्या जुन्या इंजिनावर तिला बसवलं असतं तर ती पहिल्याच दणक्याला मागं म्हशीच्या शिंगांवर गेली असती. पण गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मल्लव्वाच्या डोक्यावरचा पदरसुद्धा हलला नाही. कुठंही न थांबता, बंब बंब, ट्यँऽऽऽ, बंब बंब, असं करत ती तिघं रस्त्याच्या टोकाला पोचली.

तिथं सोमशेखर टेम्पोची फळी धरून उभा होता. त्यानं विचारलं, "अव्वा, भरू न्हवं म्हस?"

मल्लव्वानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तिचाही घसा बसला होता. आतून फक्त एक बंब निघालं. सगुणा लगेच तिच्या खांद्याला लागून उभी राहिली. मल्लव्वानं तिच्या कपाळावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं सोमशेखरला हातकणंगल्याचा रस्ता दाखवला. टेम्पो गवत घेऊन परत गेला.

आता दूध घालायला दोघं येतात. आठवड्यातून एकदा सगुणाही मागं असते, सवय राहावी म्हणून. परवा मल्लव्वा गाडीवरून उतरली, आमच्या पायरीवर बसून पाणी प्यायली आणि मला जवळ बोलावलं. गाडी चांगली केलीस, म्हणाली, पाठ दुखत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बंब बंब माझं मी करतो. पर त्या मधल्या ट्यँला घसा लई लागतोय. तेवढं परत इंजनात बसवता आलं तर बघ की."

चन्नूमामांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि कॅनचं झाकण घट्ट लावलं.