आठ फुटांचा समुद्र

उदगीरकडच्या एका खेड्यात रेवणसिद्ध हलकुडेचे वडील लोकांच्या शेतांना दगडी ताल, म्हणजे बांध, घालून द्यायचे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. वीस-वीस पावसाळे जायचे, पण ताल जागचा हलायचा नाही. रेवणसिद्ध लहानपणी शेजारी बसून बघायचा. वडील हातातला दगड चार वेळा फिरवत आणि म्हणत, "दगडाला तोंड असतंय, रेवणा. ते कुठं बघायलंय ते आधी हुडक, मग ठिव."

पुढं शेत थोरल्या भावाकडं राहिलं आणि रेवणसिद्ध लातूरला आला. मार्केट यार्डाच्या मागल्या गल्लीत त्यानं शोभेच्या माशांचं दुकान टाकलं. लातूरच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि ह्यानं धंदा काढला माशांचा, म्हणून गल्ली हसली. तो मनावर घ्यायचा नाही. त्याचा जीव वेगळ्याच ठिकाणी गुंतला होता. मोबाईलवर त्यानं खाऱ्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या होत्या. पाण्यात दगडांचे डोंगर आणि त्या डोंगरांवर फुलांसारखं डुलणारं जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तरी दुकानाच्या मागच्या खोलीत दोन फुटांची टाकी करून, गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ मोजून घालून, तो चार वर्षं मारत-जगवत शिकत राहिला.

त्यात त्याला वडिलांचाच धंदा सापडला. दगड काचेच्या बुडाला टेकवून बसवायचे आणि वाळू मागाहून टाकायची, नाहीतर मासे खालची वाळू उकरतात आणि डोंगर काचेवर कोसळतो. भिंतीसारखी रास घालायची नाही. मागून-मधून पाणी खेळलं पाहिजे, माशाला शिरायला कपार पाहिजे. एका कोरलाची फांदी दुसऱ्याला टेकता कामा नये, कारण ती एकमेकांना डसतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे जागा मोकळी ठेवणं. रिकामं सोडलेलं पाणीच डोंगराला उंची देतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हातानंच कळलं होतं.

नांदेडच्या हणमंतरावांनी त्याला बोलावलं ते ह्या मागच्या खोलीतल्या टाकीचा व्हिडिओ पाहून. हणमंतरावांचं नवं मंगल कार्यालय उभं राहत होतं. दाराशी येणाऱ्या पाहुण्याला आधी समुद्र दिसला पाहिजे, अशी त्यांची हौस. आठ फुटांची टाकी हैदराबादहून आली होती. सजावट करणारा कलाकारही हैदराबादचाच. त्यानं कागदावर निळ्या रंगात दोन उंचवटे काढून दिले होते आणि तो निघून गेला होता.

"रेवणप्पा, तुमच्या हातावर सोडायलो बघा," हणमंतराव म्हणाले. "नांदेडात कुणी पाहिलं नसंल असं करा."

रेवणसिद्ध एकोणीस दिवस त्या कार्यालयात राहिला. जमिनीवर टाकीच्या मापाचा पुठ्ठा अंथरून त्यानं कोरडे दगड मांडले, मोडले, पुन्हा मांडले. दगडांना भोकं पाडून आत काड्या घातल्या, सांधे पाण्यात घट्ट होणाऱ्या चिकट लगद्यानं भरले. डावीकडं मोठा डोंगर, उजवीकडं ठेंगणा, मधली खिंड मुद्दाम मध्यावर नाही. एका रविवारी बायको स्वप्नाली लातूरहून डबा घेऊन आली. ती बराच वेळ पुठ्ठ्यासमोर उभी राहिली.

"काय वाटायलंय?" त्यानं विचारलं.

"भांडण झाल्यावाणी दिसायलेत दोघं. पाठ फिरवून बसलेत."

त्यानं ठेंगण्या डोंगराचा माथा सोडवला आणि मोठ्याकडं कलता बसवला. मग त्यालाही दिसलं. स्वप्नालीनं डबा उघडला आणि दोघं तिथंच दगडांशेजारी बसून जेवली.

पाणी भरून, त्यात जिवाणू वाढून ते पिकायला दोन महिने देऊन, त्यानं पुण्याच्या एका माणसाकडून कोरलाचे बोटाएवढे तुकडे आणले. तो माणूस घरीच तुकडे करून वाढवायचा. मऊ जातीचे खाली सावलीला लागले, उजेड मागणारे वर. वर्षभरात हे अंग धरील, असं त्यानं हणमंतरावांना सांगितलं.

"वर्ष?" हणमंतराव काचेकडं बघत म्हणाले. "उद्घाटन महिन्यावर आलंय. टक्कल पडल्यावाणी दिसायलंय हे."

"मालक, हे वाढतंय हळूहळू. घाई केली तर मरतंय."

पंधरा दिवसांनी हणमंतरावांचे जावई थर्माकोलची पाच खोकी घेऊन आले. रेवणसिद्धनं झाकण उघडलं. आत फांद्यांची कोरलं होती, हरणाच्या शिंगासारखी, जांभळ्या टोकांची, ताटाएवढाली. अशी त्यानं फक्त मोबाईलवर पाहिली होती. त्यानं एक अलगद उचलून पालथं केलं. बुडखा ताजा तुटलेला होता. पांढराशुभ्र, आणि त्यावर छिन्नीचा घाव.

"हे घरी वाढवलेलं न्हाई, साहेब," तो जावयाला म्हणाला. "समुद्रातून तोडून आणलंय. ह्याला बंदी हाय."

"तुला लावायला बोलावलंय, का वकिली करायला?" जावई म्हणाले. "नसंल जमत तर सांग. दुसरा माणूस बघतो."

रेवणसिद्ध खोक्यापाशी बसून राहिला. ती खोकी आता समुद्राकडं परत जाणार नव्हती. दोन दिवसांत खोक्यातच सगळं मेलं असतं. ही एक गोष्ट त्यानं मनाला सांगितली. दुसरी सांगितली नाही, पण ती त्याच्या हातांना ठाऊक होती. एवढं देखणं कोरल त्याच्या हातात पुन्हा येणार नव्हतं, आणि कुठली फांदी मोठ्या डोंगराच्या माथ्यावर शोभेल हे त्याला खोकं उघडताक्षणी दिसलं होतं.

त्यानं लावली. दिवसभर कोपरापर्यंत हात पाण्यात. प्रत्येक फांदीचं तोंड हुडकून, उजेडाकडं आणि वाहत्या पाण्याकडं वळवून. संध्याकाळी दिवे लावले तेव्हा कार्यालयातले रंगारी ब्रश ठेवून पुढं आले आणि नुसते उभे राहिले.

उद्घाटनाला माणूस मावत नव्हतं. रेवणसिद्ध टाकीमागच्या पंपाच्या खोलीत होता, कारण एवढ्या गर्दीत काही बिघडलं तर तिथं कुणीतरी पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात टाकीचा रंगीत फोटो आला. खाली लिहिलं होतं की ही अप्रतिम सागररचना हैदराबादच्या नामवंत कलाकारानं साकारली. स्वप्नालीनं ती बातमी दोनदा वाचली, मागचं पानही उलटून बघितलं.

"तुमचं नाव न्हाई की हो कुठं."

"राहिलं असंल," तो म्हणाला.

"फोन करून सांगा मालकाला."

त्यानं फोन केला. हणमंतराव म्हणाले, "अरे, पेपरवाल्याला मोठं नाव लागतंय. तुला काय, आम्हाला ठाऊक हाय की." त्या दिवशी त्यानं दुकान जरा लवकर बंद केलं. एवढंच.

सात आठवड्यांनी सकाळी कार्यालयातून मॅनेजरचा फोन आला. "मोठा पंप बंद पडलाय. लगेच ये, समदं मरायलंय." रेवणसिद्ध चहाचा कप तसाच ठेवून निघाला. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, सबंध वाटेत तो मॅनेजरला फोन लावत होता, निदान हातानं पाणी ढवळा म्हणून सांगायला. मॅनेजर फोन उचलत नव्हता.

आत आला तर पंप सुरळीत चालू होता. टाकीसमोर खाकी कपड्यांतली चार माणसं आणि वनखात्याच्या अधिकारी आरती मॅडम उभ्या होत्या. उद्घाटनाचा फोटो बघून कुणीतरी तक्रार केली होती.

"हाच तो," हणमंतराव म्हणाले. "आम्हाला ह्यातलं काय कळतंय, मॅडम? समदं हाच आणतो, हाच लावतो."

रेवणसिद्धनं जावयाकडं बघितलं. ते मोबाईलमध्ये बघत होते.

"ही प्रवाळं तुम्ही लावली?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"आणली कुणी?"

"ह्या साहेबांनी. पाच खोकी. बंदी हाय म्हणून मी सांगितलं होतं त्यांना."

"पावती, मेसेज, काही आहे?"

नव्हतं. सगळं तोंडी झालं होतं. मॅनेजरनं साक्ष दिली की खोकी रेवणसिद्धच घेऊन आला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कायद्यात वाघाला जितकं संरक्षण आहे तितकंच ह्याला आहे. तुम्हाला ते माहीत होतं, हे तुमच्या बोलण्यावरूनच दिसतंय." मग त्यांनी विचारलं की हे न मोडता बाहेर कसं काढायचं. रेवणसिद्धनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. स्वतः लावलेली एकेक फांदी त्यानंच सोडवून टाकीच्या पाण्यानं भरलेल्या बादल्यांत ठेवली. त्या बादल्या न्यायच्या कुठं हे कुणालाच सांगता येईना. समुद्र चार-पाचशे किलोमीटर लांब होता. त्याला गाडीत बसवलं तेव्हा त्याचे हात अजून ओले होते.

अकरा दिवस तो कोठडीत राहिला. गावाकडं त्याच्या म्हाताऱ्या आईला, गुरम्माला, कुणीतरी सांगितलं की तुझा पोरगा वाघाच्या केसमध्ये सापडला. ती थोरल्या मुलाला विचारत राहिली, "वाघ? रेवणानं वाघ कुठनं आणला?" तिला शेवटपर्यंत ते नीट समजावून देता आलं नाही.

जामिनावर सुटून आला तेव्हा लातूरच्या दुकानाची पाटी स्वप्नालीनं उतरवून आत ठेवली होती. गिऱ्हाईक येत नव्हतं. आयांनी मुलांना त्या गल्लीत पाठवणं बंद केलं होतं. मासे तिनं जगवले होते, मागच्या खोलीतली दोन फुटांची टाकी मात्र तिला साधली नव्हती.

नांदेडच्या टाकीची वीज जावयानं रेवणसिद्धला नेलं त्याच दिवशी तोडली होती. आठवडाभरात तिचा वास लग्नाच्या पंगतीपर्यंत गेला. तेव्हा बिगाऱ्यांकडून दगड फोडून बाहेर काढले आणि मागच्या बाजूला वाहनतळाच्या भरावात टाकले. त्या जागी प्लास्टिकची रंगीत झुडपं आली. हे रेवणसिद्धला रंगाऱ्यांपैकी एकानं फोनवर सांगितलं. पुण्याहून आणलेल्या तुकड्यांचं काय झालं ते त्याला विचारायचं होतं, पण त्यानं विचारलं नाही.

खटला चार वर्षं चालला. तारखेला नांदेड, परत लातूर. हैदराबादचा कलाकार साक्षीला आला. पेपरातली बातमी दाखवून विचारल्यावर तो शपथेवर म्हणाला, "मी फक्त कागदावर चित्र काढून दिलं. टाकीतली रचना पूर्णपणे आरोपीची आहे. मला ते जमलंही नसतं." रेवणसिद्धच्या वकिलानं स्वप्नालीकडं बघून कपाळाला आठी घातली. रेवणसिद्धच्या मनात मात्र त्या वाक्यानं क्षणभर असं काही हललं की त्याची त्यालाच लाज वाटली.

शेवटी न्यायाधीशांनी आरोपीला विचारायचे प्रश्न विचारले. वकिलानं बजावलं होतं: प्रत्येक प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणायचं, दुसरा शब्द नको. मेजावर लाखेनं बंद केलेल्या पिशव्या उघडलेल्या होत्या. आत पांढरे, कोरडे, चुन्यासारखे तुकडे.

"ही प्रवाळं तुम्ही टाकीत लावली होती का?"

रेवणसिद्धनं त्या तुकड्यांकडं बोट केलं.

"हो, साहेब," तो म्हणाला. "हे माथ्यावर होतं. ते खिंडीच्या कडंला. आणलं मी न्हाई, पण लावलं मीच."

वकिलानं पेन खाली ठेवलं. आणलं नाही, हे शाबीत करायला काहीच नव्हतं. लावलं, हे तो स्वतःच म्हणाला होता. जावयाचं नाव कागदावर कुठंच नव्हतं. तीन वर्षांची शिक्षा झाली. अपील केलं, ते वरच्या कोर्टात पडून आहे, आणि रेवणसिद्ध जामिनावर बाहेर आहे. लातूरला एका फरशीच्या दुकानात तो गाडीतून माल उतरवून थप्प्या लावतो.

गेल्या वैशाखात स्वप्नालीच्या मामेबहिणीचं लग्न निघालं, ते नेमकं हणमंतरावांच्या कार्यालयात. तो येणार नाही म्हणाला. स्वप्नाली म्हणाली, "किती ठिकाणी जायचं सोडायचं?" मग तो गेला. टाकीकडं न बघता आत जायचं ठरवलं होतं त्यानं, पण हणमंतराव दारातच उभे होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रेवणप्पा! लई दिवसांनी. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

त्यानं हात झटकला नाही. हळूच म्हणाला, "मालक, कुणी आणलं ते तुम्हाला ठाऊक होतं."

हणमंतरावांचा चेहरा बदलला नाही. मागून येणाऱ्या पाहुण्यांना त्यांनी नमस्कार केला आणि मग तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "बंदी हाय, हे तुलाबी ठाऊक होतं. तरी लावलंस की. का लावलंस?"

उत्तराची वाट न बघता ते पुढच्या पाहुण्यांकडं वळले. पंगत बसली तेव्हा रेवणसिद्ध बसला, आणि जेवला.

बसस्टँडवर स्वप्नालीनं विचारलं, "काय म्हणले मालक?"

"जेवून जा म्हणले," तो म्हणाला, आणि लातूरची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते बघायला उठला.