सुरेशची लाल गाडी अपशकुनी नाही

माझा भाऊ गाडीत मेला नाही.

एकदाच लिहिते, नीट वाचा.

सुरेश अकोल्याच्या कोर्टात, वकिलांच्या बाररूममध्ये, खुर्चीत बसल्याबसल्या गेला. हातात चहाचा कप होता. त्याची लाल गाडी तेव्हा बाहेर कडुलिंबाच्या सावलीत व्यवस्थित पार्क केलेली होती.

तरी फोन येतातच. "फार स्पीडमध्ये होते का हो?"

फॅमिली ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘सुरेशभाऊ एक्स्पायर्ड इन स्पोर्ट्स कार.’

एक्स्पायर्ड! माणूस होता की दुधाची पिशवी?

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पेपर उघडते, मिटते. गॅस लावते, बंद करते.

हो, गाडी स्पोर्ट्स कारच. दोन सीटची, जमिनीला चिकटलेली. राहणं अमरावतीत, वकिली अकोल्यात, म्हणून जन्मभर एसटीने गेला. साठी उलटल्यावर ही नवी कोरी घेतली.

मी मोठी बहीण, मागच्याच गल्लीत राहते. न बोलून कशी राहीन?

"सुरेश, असली गाडी रविवारी काढायची असते."

"काहून? सोमवारी इच्यातलं पेट्रोल आंबते काय?"

"अरे, खराब होईल."

"ताई, नुसती पाहाचीच असती तं फोटो लावला असता भितीले."

आणि खरंच रोज नेली. बाराही महिने.

मे महिन्यात अकोल्यात स्टिअरिंगला हात लावून बघा. हा त्यावर ओला पंचा गुंडाळून ठेवायचा. काळा कोट, लाल गाडी आणि तो पंचा. काय ध्यान दिसायचं!

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांच्या वरच्या खोबणीत जाऊन बसायचा. वाळला की सिमेंट. म्हणून घरी आल्यावर आधी खालून पाईप मारायचा, मग जेवण. माझी भावजय मंदा ताट झाकून दारात उभी.

"तिचे पाय धुवून झाले असतील, तं आता तुमचे धुवा."

उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायचा. अशिलांना वाटायचं, वकीलसाहेब खातात.

स्पीडब्रेकर तिरपा घ्यायचा, एकेक चाक करून. मागून ट्रकवाले बोंबलायचे. मी बसलेली असले, तर मला आधी खाली उतरवायचा. मी भर चौकात ब्रेकर पायी ओलांडायची, आणि वकीलसाहेब पलीकडे दार उघडून उभे.

"या मॅडम."

"मेल्या, लोक बघताहेत."

"पाहू द्या. तिकीट लागत नाही."

फक्त कव्हर त्याने कधी घातलं नाही. म्हणायचा, आपल्याकडची धूळ कव्हराखाली गेली की सँडपेपर होते. गाडीले झाकू नाही, चालवाव.

काल तेरावं झालं.

पंगतीत आमचे अण्णाकाका म्हणाले, "त्या गाडीनं खाल्लं पोराले."

मी म्हटलं, "अण्णाकाका, गाडीनं काही खाल्लं नाही. बीपीच्या गोळ्या ह्यानं खाल्ल्या नाहीत."

वाढणारे जागच्या जागी थांबले. थांबू देत.

पण चुलतभावांनी तोवर काम केलं होतं. शेतातली, सोयाबीनवर घालायची ताडपत्री आणून, अकोल्याहून घरी आणलेल्या गाडीवर टाकली. दोरीने आवळली. वाऱ्याने उडू नये म्हणून टपावर विटा ठेवल्या. पुढे लिंबू-मिरची आणि काळी बाहुली. जणू गाडी उठून कुणाला धरणार होती.

सुरेशचा मुलगा निनाद बंगळुरूहून आला आहे. तो हळूच म्हणाला, "आत्या, राहू दे. लोक नको ते बोलतात. परवा जुन्या गाड्यांचा एजंट येऊन घेऊन जाईल."

"म्हणजे अपशकुनी म्हणूनच जाईल ना ती घरातून?"

तो दोरीची गाठ तपासू लागला.

"तुझ्या बापाने तिला रोज धुतलं. तिने त्याला रोज धडधाकट घरी आणलं. ज्या दिवशी आणलं नाही, त्या दिवशी तो खुर्चीत होता. मग खुर्ची वीक!"

आज सकाळी मी जाऊन विटा उतरवल्या. ताडपत्री ओढली. टपावर पांढरे ओरखडे.

रडले नाही. शिव्या दिल्या. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवल्या नव्हत्या, त्या.

बॅटरी उतरली होती. शेजाऱ्यांच्या जीपला वायर लावून चालू केली. आधी खोकली, मग गुरगुरली. सगळी गल्ली गॅलरीत.

"आत्या, आजच कशाला?" निनाद म्हणाला.

"कारण आज कोर्ट चालू आहे. तो आज गेला असता."

मी स्टिअरिंगमागे बसले, लायसन्स माझ्याकडेही आहे. सीटबेल्ट लावला. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट दाबून धरले.

तेवढ्यात मंदा पायरीवर आली.

आमच्याकडे नवरा गेला की बाईने सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही. अण्णाकाका खुर्चीतून ओरडले, "सूनबाई, उंबरठा ओलांडू नाही!"

मंदाने पदर खोचला. तिने कुणाकडे पाहिलं नाही. चालत आली, बाहुली तोडून नालीत टाकली, आणि दुसऱ्या सीटवर बसली.

"मी रोज दारातूनच पाहिलं ताई. आज आतून पाहू द्या."

मी तिला सीटबेल्ट लावून दिला.

"कुठं जायचं, मंदा?"

"कुठंबी." तिने दार ओढून घेतलं. "पण उद्या बी काढजा. रोज काढजा."

बडनेऱ्यापर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा निनाद फाटकात उभा होता. म्हणाला, एजंटला नाही म्हणून सांगितलं.

ज्यांना विचारायचं आहे, त्यांनी आता मला विचारा. रोज सकाळी रस्त्यावर भेटेन.

सुरेश, जा बाळा, शांतपणे जा.
गाडी घरची आहे. घरातूनच निघेल, घरीच येईल.

तुझी ताई