टाळी दिली आणि इंजिन गेलं

माझ्या जावयाने मला फसवलं. हॉलंडमध्ये, टिलबर्ग शहरात, भरदिवसा, भरल्या हॉलमध्ये. त्यात माझं इंजिन गेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण हॉलंडचं प्रवासवर्णन म्हटलं की लोक पवनचक्क्यांची वाट बघत बसतात. पवनचक्की मी एकच पाहिली. ती बंद होती.

भोसरीत माझा लेथचा कारखाना आहे. भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या मशीनवर सुरू केला, कुणाची शिफारस नाही, कुणाचा हात पाठीवर नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आयरिश गिऱ्हाइकाचा तपासनीस आमच्या पितळी बुशा तपासायला आला होता. माल पास झाला, जेवण झालं, आणि या गृहस्थाने खिशातून फोटो काढले. बायकामुलांचे नव्हेत, त्याने घरी माळ्यावर उभारलेल्या छोट्या रेल्वेचे. मी हसलो. जाताना त्याने मला बोटभर लांबीचा एक मालडबा भेट दिला. त्या डब्याने मला धरलं ते अजून सोडलेलं नाही. कारखान्याच्या वरच्या खोलीत आज आयर्लंडातलं एक अख्खं स्टेशन आहे, आणि मी आयर्लंड पाहिलेलं नाही.

या नादातली एकच गोष्ट वाचकांना कळली तरी पुरे. आयर्लंडचे रूळ इंग्लंडच्या रुळांपेक्षा रुंद आणि आपल्या ब्रॉडगेजपेक्षा तीन इंचांनी अरुंद असतात. दुकानात मिळतात ती बहुतेक इंग्रजी इंजिनं. त्यांनाच वेगळा रंग फासून लोक आयरिश म्हणून मिरवतात, खालची चाकं मात्र इंग्रजी मापाची. मला हे जमत नाही. माप चुकलं की माल परत, हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. म्हणून मी चाकं एकवीस मिलिमीटरच्या मापाला स्वतः कातली, पितळेच्या नळीतून बॉयलर काढला, आणि वर करडा रंग दिला, कारण तिकडची वाफेची इंजिनं बहुतेक करडीच असत. इंजिन पूर्ण झालं आणि त्यानंतर माझ्या उजव्या हाताला कंप सुटला. त्या मापाचं दुसरं इंजिन आता माझ्या हातून होणार नाही.

हे इंजिन कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातलं आणि मुलीकडे निघालो. मंजिरी आणि निखिलराव कापेल आन डेन आयसेल या गावी राहतात, रॉटरडॅमला लागूनच. निखिलराव पुण्याचे, संगणकवाले, एका बँकेचं काम करतात. त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, "बाबा, टिलबर्गला रेल्वेवाल्यांची बोर्स (हौशी लोकांचा जुन्या वस्तूंचा बाजार) भरते. तुमच्या आयरिशवाल्यांचं पण एक टेबल असतं म्हणे." म्हणजे आमंत्रण त्यांचंच. हेही ध्यानात ठेवावं.

स्किपोल विमानतळावर कस्टमवाल्या बाईंनी डबा उघडायला लावला. बहुधा लोणचं असेल असं त्यांना वाटलं. कापूस बाजूला करून त्यांनी इंजिन पाहिलं, मग मला पाहिलं, आणि झाकण इतक्या हलक्या हाताने लावलं की मला तो देश आवडला. तो आवडणं फार टिकलं नाही.

कापेलमध्ये घरासमोर पाण्याचा चर, चरात बदकं, आणि सगळी जमीन पोळपाटासारखी सपाट. चढ म्हणून नाही. रेल्वे बांधायला याहून सोपा देश नसेल. सकाळी माणसं पावावर लोणी लावून त्यावर हाखलस्लाख (चॉकलेटचे दाणे) पसरून खातात, मोठी माणसंसुद्धा, टाय लावून. लायडनच्या बाजारात मी कच्चा हेरिंग मासा कांद्याबरोबर खाल्ला. बरा लागला. तिथेच चीजच्या गाडीवर मी भाव केला, तर निखिलराव कानापर्यंत लाल झाले.

"बाबा, इथे भाव करत नाहीत हो."

"मग याला बाजार कशाला म्हणता? देऊळ म्हणा."

चीजवाला हसला आणि एक तुकडा वर टाकला. निखिलराव मात्र घरी येईपर्यंत माझ्यापासून चार पावलं पुढे चालत होते. माझ्या सौदेबाजीची त्यांना लाज वाटते. वाटू दे. त्याच सौदेबाजीवर त्यांच्या बायकोचं शिक्षण झालंय.

शनिवारी गाडीने टिलबर्गला गेलो. बोर्स एका क्रीडासंकुलात होती. आत वाटाण्याच्या दाट सुपाचा वास आणि टेबलांच्या रांगा, जर्मन रेल्वे, डच रेल्वे, स्विस रेल्वे. आयरिश टेबल शेवटी, बाहेर पडायच्या दाराजवळ. टेबलामागे एक धिप्पाड म्हातारा बसला होता. त्याने नाव सांगितलं, केस.

मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. एकही नव्हता.

मला राहवेना. माझ्या इंग्रजीत सांगितलं, "आमच्या भाषेत केस म्हणजे डोक्यावर असतात ते." म्हाताऱ्याने टक्कल चोळलं आणि टेबल हलेपर्यंत हसला. मी सवयीने हात पुढे केला, द्या टाळी. त्याने फाडकन टाळी दिली. बघा, जमलं आमचं, असं मी निखिलरावांना म्हटलं. ते घड्याळ बघत होते.

केस पूर्वी गुरांचा व्यापारी होता. वासरं घ्यायला तरुणपणी आयर्लंडला जायचा, तिथे त्याने गुरांच्या मालगाड्या पाहिल्या आणि तो बिघडला. त्याच्या टेबलावर लाकडी पट्ट्यांचा एक गुरांचा डबा होता. छपराचा मधला भाग उघडा, त्यावर ताडपत्री. बाजूंना चुन्याचे ओघळ, कारण गुरं उतरली की डबा चुन्याने धुवायचे. मी खिशातून व्हर्निअर काढला आणि चाकं मोजली. एकवीस! माझ्यासारखाच वेडा साताठ हजार किलोमीटरवर बसला होता.

"विकत नाही," निखिलरावांनी त्याचं बोलणं सांगितलं. "फक्त अदलाबदल."

मी माझी पुडी उघडली. घरून कातून आणलेल्या चाकांच्या जोड्या होत्या. दोन जोड्या ठेवल्या. केसने मान हलवली आणि हात पुढे केला. मी टाळी दिली. तो म्हणाला सहा. टाळी. मी म्हटलं तीन. टाळी. मला मजा येऊ लागली. माझा मामा बैलबाजारात दलाल होता, उपरण्याखाली बोटं धरून भाव करायचा. इथे उपरणं नाही, सगळं उघड्यावर, पण जीभ तीच. टाळ्या वाजताहेत हे बघून शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. निखिलरावांचे कान पुन्हा लाल.

"बाबा, आटपा ना. पार्किंगची वेळ संपतेय."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. ते पाठ वळवून बोलू लागले. केसने माझ्या स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवलं. मी झाकण उघडलं.

केस पुढे वाकला. चष्मा लावला. इंजिन उचलून उजेडाकडे धरलं, उलटं केलं, चाकांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग गुरांचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि इंजिन स्वतःपुढे ठेवलं. हे घे, ते दे.

इंजिनाच्या बदल्यात डबा! मला हसू फुटलं. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, "घ्या, घ्या! पोरगी हॉलंडला दिलीच आहे, आता इंजिनपण घ्या!" आणि हात पुढे केला. अशा विनोदावर टाळी मागायची नाही तर कशावर मागायची?

केसने टाळी दिली नाही. त्याने निखिलरावांकडे पाहून डचमध्ये काहीतरी विचारलं. निखिलराव फोन कानाला लावून अर्धे वळले आणि म्हणाले,

"या, या."

मला वाटलं मला बोलावताहेत. मी म्हटलं, "आलो, आलो." आणि त्याच क्षणी केसचा पंजा माझ्या हातावर पडला, आणि पडल्यावर तो उठला नाही. घट्ट धरून राहिला. माझा हात त्यात थरथरत होता. म्हाताऱ्याला वाटलं मी गहिवरलो. त्याने दुसरा हातही वर ठेवला.

मग त्याने माझं इंजिन फडक्यात गुंडाळून आपल्या पेटीत ठेवलं, आणि गुरांचा डबा माझ्या कापसात.

तिथे पुढे जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून डोकं तापतं. मी ओरडलो. आधी इंग्रजीत, मग मराठीत, कारण इंग्रजीत मला इतकं ओरडता येत नाही. माणसं जमली. सूपवाली बाई डाव हातात घेऊन आली. तेव्हा मला कळलं की त्या मुलखातले गुरांचे व्यापारी असाच सौदा करतात. त्याला ते हांत्येक्लाप (हातावर हात मारणं) म्हणतात. दर बोलीला एक टाळी, आणि शेवटी हात धरून ठेवला की सौदा पक्का. केसला वाटलं, हा भारतीय माणूस आल्याआल्या हात पुढे करतोय, याला सगळं माहीत आहे.

"आणि तरीही मी विचारलं," केस म्हणाला. निखिलरावांनी मान खाली घालून त्याचं बोलणं मला सांगितलं. "विचारलं की हे मनापासून म्हणताहेत का. तुमच्या जावयाने हो म्हटलं. 'या'."

डच भाषेत हो म्हणजे 'या'.

केस वाईट माणूस नव्हता. मला तो त्या वेळी मुळीच आवडला नाही, पण खरं ते सांगतो. त्याने पेटी उघडली, इंजिन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "या गृहस्थांनी सगळ्यांसमोर सांगावं की माझा हात खोटा होता. मग त्यांनी हे घेऊन जावं."

माझा हात खोटा? मामाच्या बाजारात बोटं सोडून पळालेल्या माणसाला पुन्हा कुणी उपरण्याखाली हात घालू द्यायचं नाही. मी दिलेला शब्द फिरवला नाही म्हणून भोसरीत मला उधारीवर पोलाद मिळालं. माझा हात थट्टेचा होता, खोटा नव्हता. या दोहोंतला फरक सांगायला डच भाषा येणारा एकच माणूस तिथे होता. त्याने एक वाक्य बोलायचं होतं: "मी फोनवर होतो, माझं 'या' तुम्हाला नव्हतं." संपलं असतं. इंजिन माझ्या डब्यात असतं.

निखिलराव म्हणाले, "चला बाबा. लोक बघताहेत."

मी डबा उचलला आणि चाललो. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं होती आणि गाई होत्या, चित्रात असतात तशा. मी एकीकडेही पाहिलं नाही.

रात्री जेवताना विचारलं, ते 'या' कुणाला होतं? म्हणाले, "फोनवर, बाबा." फोनवर कोण होतं? बंगलोरचा सहकारी. बंगलोरच्या माणसाशी डच कशाला? "डच नाही हो, इंग्रजी. आम्ही ऑफिसात सारखं 'या या'च म्हणतो." दुसऱ्या दिवशी चहाला पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "तुम्हालाच म्हटलं असेल. निघायचं होतं ना." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले की डच माणसं नुसतं ऐकतोय म्हणूनही 'या' म्हणतात, त्याचा अर्थ दर वेळी हो नसतो.

मंजिरी म्हणाली, "बाबा, एका अक्षरावरून घर डोक्यावर घेऊ नका. आणि 'घ्या घ्या' तुम्हीच म्हणालात ना?" नवऱ्याची बाजू घ्यायला ती उत्तम शिकली आहे. निरोपाला विमानतळावर दोघं आली होती. निखिलराव माझ्या पाया पडले. मी आशीर्वाद दिला. आशीर्वाद वेगळा, हिशेब वेगळा.

आता भोसरीतल्या वरच्या खोलीत तो गुरांचा डबा रुळांवर उभा आहे. काम अप्रतिम आहे, हे मी नाकारत नाही. पट्ट्यांच्या फटीतून वाकून बघितलं तर आत एक गाय आहे, बाहेर बघावं तशी मान पुढे काढलेली. पण त्या मापाच्या रुळांवर तिला ओढायला इंजिन नाही. मी बोटाने ढकलतो. बोट थरथरतं, डबा स्टेशनात हेलकावत शिरतो.

तेव्हा निखिलराव, तुम्ही हे वाचाल, मंजिरी वाचायला लावेल. फोनवर म्हटलं असेल, तर त्या हॉलमध्ये केसला तसं का सांगितलं नाहीत? मला म्हटलं म्हणावं, तर मला बोलावताना तुम्ही नेहमी 'चला' म्हणता. 'या' आपण दारात उभं राहून पाहुण्याला म्हणतो, आणि तुमच्या दारातही मला कधी 'या' ऐकू आलेलं नाही. मग राहिला केस. सासऱ्याच्या टाळ्या लवकर थांबाव्यात म्हणून त्याला 'हो' म्हणून टाकलंत का?

तीन दिवसांत तीन उत्तरं दिलीत. मला एकच हवं आहे, आणि तेही लेखी. ते 'या' कुणाला होतं?