पावसात मारलेला रंग

कासार आंबोलीत शेडग्यांचं घर विचारलं की लोक उलट विचारतात, "कोणते शेडगे? गाड्यांवाले का?" नवख्याला वाटतं, यांचा ट्रॅव्हल्सचा धंदा असणार. प्रत्यक्षात माऊली शेडग्यांच्या दारात एक जुनी स्कूटर तेवढी उभी असते. गाड्या आहेत त्या घरात, काचेच्या कपाटात. एकूण सदुसष्ट, आणि त्यातली सगळ्यात मोठीसुद्धा वीतभर नाही.

ते कपाट खरं माऊलीच्या बायकोचं, साधनाचं. माहेरून आलेल्या डिनर सेटसाठी तिनं हौसेनं करून घेतलं होतं. आधी वरच्या कप्प्यात दोन गाड्या आल्या, मग कप्पा गेला, मग कपाटच गेलं. डिनर सेट आता पलंगाखाली खोक्यात असतो. आल्यागेल्याला ती सांगते, "सवत असती तर भांडता तरी आलं असतं. या मेल्या उलटून बोलत पण नाहीत."

माऊली पन्नाशीला टेकलेला. घोटावडे फाट्याजवळच्या एका गॅरेजात तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतो. ठोकलेली, घासलेली गाडी त्याच्या हाताखालून गेली की मालकालाही आठवावं लागतं, नक्की कुठल्या दाराला लागलं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी गावातल्या एका बंगलेवाल्यांनी माळा आवरताना त्याला एक खोकं दिलं. वर लाल मोटारीचं चित्र, आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शंभरेक बारीक सुटे भाग. "घेऊन जा, मुलीला होईल खेळायला." गौतमी तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या हाताला त्यातलं एक चाकही लागलं नाही. तीन महिने माऊली संध्याकाळी खिडकीशी बसून एकेक भाग कापायचा, घासायचा, जोडायचा. सूचना जपानी भाषेत होत्या, पण चित्रं होती. आणि काम ओळखीचंच होतं. पॉलिश पेपर तोच, प्रायमर तोच, रंगाचे हात तसेच. फक्त इथं मालक येऊन "कधी देताय?" म्हणून डोकं खात नव्हता.

मग फ्रीजच्या जुन्या कॉम्प्रेसरला नळी जोडून त्यानं बोटाएवढी स्प्रे गन बसवली आणि मागच्या पडवीत दुकान थाटलं.

या दुकानाचा एकच कडक नियम होता. आषाढ लागला की रंग बंद. मुळशीच्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की मीठ बरणीत विरघळतं. अशा हवेत रंग मारला की वाळता वाळता तो दमट हवा धरतो आणि वर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. म्हणून पावसाचे चार महिने माऊली नुसतं कापतो, घासतो, जोडतो आणि दसऱ्यानंतर स्प्रे गन काढतो. तोवर करड्या प्रायमरमधल्या गाड्या फळीवर ओळीनं बसून राहतात. साधना त्याला गाड्यांचा चातुर्मास म्हणते.

गॅरेजातल्या पोरांनाही तो हेच बजावतो. ओलीत रंग मारायचा नाही म्हणजे नाही. कारण विचारलं तर "मारून बघितलाय" एवढंच सांगतो आणि विषय बदलतो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गेणबातात्या नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. माऊलीच्या वडिलांचे हे जुने दोस्त, धरणाच्या कडेला मुळशीत राहतात. पौडपासून ताम्हिणीच्या बाजूच्या वाड्यांपर्यंत त्यांनी अठरा वर्षं वडापची, म्हणजे माणशी भाड्याची, जीप चालवली. बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले, बोर्डाच्या परीक्षेची पोरं नेली. जीप भंगारात गेल्यालाही आता बारा वर्षं झाली होती. तात्यांनी चहाचा कप हातात घेऊन कपाटासमोर खुर्ची ओढली आणि वरपासून खालपर्यंत एकेक गाडी बघितली.

"ह्यात माझी कुटं हाय?"

"तुमची कशी असंल, तात्या? ह्या समद्या परदेशी."

"मग कर की. का माझी गाडी नव्हती?"

माऊलीनं मान डोलावली खरी, पण तात्यांची नजर चुकवून तो कपाटाची काच पुसायला लागला. साधनाला वाटलं, काम अवघड आहे म्हणून. काम अवघड होतंच. जीपचा किट मिळाला तो लष्करी उघड्या गाडीचा. मागचा लांब सांगाडा प्लास्टिकच्या पत्र्यातून कापावा लागणार होता, वरचं कॅरिअर तारेचं करावं लागणार होतं. पण नजर चुकवली ती त्यामुळे नव्हे.

तात्यांच्या जीपचा रंग माऊलीनंच मारला होता. एकोणीस वर्षांचा असताना, भर आषाढात.

वाल्मीक उस्ताद तेव्हा गॅरेजचे सर्वेसर्वा. जीप घासून, प्रायमर मारून तयार होती, गडद निळा रंग कालवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पौडचा बाजार, तात्यांना गाडी हवी होती. उस्ताद एका मयतीला गेले आणि जाताना सांगून गेले, "आभाळ उघडंपर्यंत हात लावू नको." माऊलीला वाटलं, उस्ताद येईतो काम उरकून शाबासकी घ्यावी. रंग बसला तेव्हा आरशासारखा होता. मग त्याच्या डोळ्यांदेखत बॉनेट धुरकटलं, दारं धुरकटली, काचेवर कुणी वाफ सोडावी तशी सगळी जीप दुधाळ झाली. उस्ताद परत आले, त्यांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात तात्याही दारात हजर.

उस्तादांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "पेशल रंग हाय तात्या. दुधी निळा. मुंबईवरनं मागवला."

तात्या खूश. पुढं अठरा वर्षं ते हेच सांगत राहिले. धुक्यात नुसती सावली दिसली तरी लोक म्हणायचे, दुधी आली. पुढं कधी कुणी दुसरा रंग सुचवला तर तात्या त्याला गाडीतून उतरवायचेच बाकी ठेवायचे. आणि माऊली प्रत्येक वेळी खाली मान घालून पॉलिश पेपर शोधायला लागायचा.

आता तीच गाडी करायची. माऊलीनं ठरवलं, तेव्हा बिघडवली ती या वेळी नीट करायची. हिवाळाभर खपून त्यानं जीप उभी केली. छताच्या ताडपत्रीला साधनाच्या फाटक्या छत्रीचं कापड लावलं. गडद निळ्या रंगाचे पाच हात मारले. अशी चकचकीत झाली की गौतमीनं हॉस्टेलवरून फोटो मागवून मैत्रिणींना दाखवला.

मुळशीला नेली तेव्हा तात्यांनी ती तळहातावर घेतली, फिरवून बघितली आणि परत दिली.

"लई झ्याक हाय. पर कुणाची हाय?"

माऊली तशीच घेऊन परतला. उन्हाळाभर त्यानं निळ्यात पांढरा घालून पाहिला. थोडा घातला, जास्त घातला, वरून पातळ फवारा मारून पाहिला. कधी आकाशी झाली, कधी शाळेच्या भिंतीसारखी. त्याला कळत होतं गाडं कुठं अडलंय. ती साय रंगात कालवलेली नव्हती, रंगावर धरलेली होती. आणि ती धरायला मुळशीचा आषाढच लागतो.

जून सरला. एका दुपारी समोरचा डोंगर दिसेनासा झाला, पागोळ्या एकसारख्या लागल्या. माऊलीनं पडवीचं दार सताड उघडलं आणि खरवडून प्रायमरवर आणलेली जीप फळीवर ठेवली. साधना धुणं वाळत घालायला जागा शोधत होती. ती थबकली.

"अहो, हे काय? चातुर्मास मोडलात?"

"मोडला."

"बरं वाटतंय ना? जगाला सांगता ओलीत मारू नका."

"आज बिघडवायचीच आहे."

साधनानं ओला परकर खांद्यावर टाकला आणि तिथंच उभी राहिली. माऊलीनं निळ्या रंगात सगळ्यात हलकं, चटकन उडणारं थिनर कालवलं, जे तो गॅरेजात पोरांना शिवू देत नाही. तीन हात मारले. जीप चमकली. दोघं बघत राहिले. मग बॉनेटच्या कडेनं धूर सरकल्यासारखी साय चढत गेली. इतक्या वर्षांत ती किती वेळा स्वप्नात आली होती, पण तिची वाट त्यानं पहिल्यांदाच बघितली.

"अगंबाई, दुधीच की ही," साधना म्हणाली. लग्न होऊन ती याच जीपमधून सासरी आली होती.

तेव्हा माऊलीनं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तात्यांना नका सांगू. म्हातारपणी एवढी एकच बढाई आहे त्यांना. ती कशाला काढून घेताय?" माऊलीलाही ते पटलं.

रविवारी उघडीप बघून तो मुळशीला गेला. तात्या ओसरीवर बाजेवर बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी गोजराबाई तांदूळ निवडत होत्या. तात्यांनी जीप दोन्ही हातांत घेतली, बॉनेटवरून अंगठा फिरवला.

"ही माझी. गोजरे, गाडी आली बघ."

"आली व्हय? मग चला बाजाराला. मी म्होरं बसणार, आत्ताच सांगते."

तात्या हसले. मग त्यांनी मान वर केली. "पर माऊल्या, उस्ताद तर गेला. ह्यो रंग तुला कुटं गावला?"

साधनानं सांगितलेलं सगळं माऊलीला आठवत होतं. मुंबईवरनं मागवला, असं म्हणायला तोंडही उघडलं होतं त्यानं. पण तात्या सरळ त्याच्याकडे बघत होते, आणि उस्तादांसारखी पापणी रोखणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"तात्या, ह्यो पेशल रंग न्हवं. पावसात मारला की असा व्हतो. तवा मीच मारला व्हता, उस्तादाला न इचारता. चूक झाली व्हती."

गोजराबाईंचा तांदळातला हात थांबला. मग त्यांना हसू आवरेना. "अठरा वर्सं! अठरा वर्सं ह्या माणसानं लोकास्नी बोनेट पुसू दिलं न्हाई!"

तात्या हसले नाहीत. जीपकडे बघत बसले. माऊलीला वाटलं, साधनाचं ऐकायला हवं होतं.

"आन माझा कोंबडा?" तात्या म्हणाले.

"कसला कोंबडा?"

"पेशल रंग म्हून उस्तादानं कोंबडा जादा घेतला व्हता. तुरेवाला, लाल."

माऊलीला लख्ख आठवलं. त्या संध्याकाळी उस्तादांनी गॅरेजमागं चूल मांडून रस्सा केला होता आणि त्याच्या ताटात तंगडी वाढली होती. पोर घाबरलंय, म्हणून धीर देतायत, असंच त्याला तीस वर्षं वाटत आलं होतं.

"तात्या, त्यो मीबी खाल्लाय."

"मग दे की आता," तात्या म्हणाले. "रंग मारणार तू, खाणार तू, आन कोंबडा जायाचा माझा व्हय?"

पुढच्या रविवारी माऊली स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवून पुन्हा मुळशीला गेला. पिशवीतून लाल मुंडकं बाहेर. तात्यांनी कोंबडा उलटसुलट बघितला, "तुरा बारीक हाय" म्हणाले आणि बाजेच्या पायाला बांधून टाकला.

एवढ्यात रिसॉर्टला निघालेलं एक जोडपं रस्ता विचारायला थांबलं. तात्यांनी रस्ता नंतर सांगितला. आधी खिडकीतली जीप काढून त्यांच्या हातात दिली.

"असा रंग दुसऱ्या गाडीला न्हाई. भर पावसातच मारावा लागतो. समद्यांना जमत न्हाई." आणि माऊलीकडे हनुवटी करत म्हणाले, "ह्याला इचारा. ह्यानंच मारला व्हता, तवा बी आन आता बी."

त्या माणसानं माऊलीकडे बघितलं. "खरंच? आमच्या गाडीला होईल का हो असा?"

"आषाढात या," माऊली म्हणाला. "आणि येताना कोंबडा आणा."