खंडेनवमीची फ्लॉपी

आमच्या कॉम्प्युटर क्लासचा एक नियम होता. कोऱ्या स्क्रीनवर कुणी काही लिहायचं नाही. आधी सगळ्यांची मिळून असलेली फ्लॉपी मशीनमध्ये घालायची, तिच्यातला कुणाचा तरी प्रोग्रॅम उघडायचा, चालवून बघायचा, मोडायचा, मग दुरुस्त करायचा. काय बदललं ते वरच्या ओळीत लिहून तो परत त्याच फ्लॉपीवर ठेवायचा, म्हणजे पुढच्याला तिथून पुढं जाता येईल. परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका कापडदुकानाच्या माडीवर हा क्लास चालायचा. दोन मशीन, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, चपला बाहेर. एकमेकांचं वाचून शिकलेलं पक्कं होतं, असं सर म्हणायचे. मला मात्र धाकधूक असायची, की यातलं माझं स्वतःचं काय आहे?

मी झरीहून एसटीनं यायचे. बी.एस्सी. झालेली, घरी बसलेली, आणि आता 'कायतरी मशिनीचं' शिकायला रोज तालुक्याला जाणारी, अशी माझी गावात ओळख होती. वडिलांना आम्ही बापू म्हणायचो. भावकीचं ऐकून न घेता त्यांनी मला पाठवलं होतं, पण मुदत घालून. दिवाळीपर्यंत बघू, काही जमलं तर ठीक, नाहीतर कापूस वेचायला माणसं कमीच आहेत, असं ते हसत म्हणाले होते. मी हसले नव्हते. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद असायचा, कधी गाड्या अर्ध्यातून परत फिरायच्या. क्लासचा एक दिवस बुडाला तरी मी दिवाळीला उरलेले दिवस मोजायचे.

अशात सरांनी सांगितलं की एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायला कुणीतरी हवं आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतः क्लासवर येणार, एका वर्गाचे मार्क देणार, आणि मशीनवर पोरांची नावं पहिल्यापासून शेवटच्या नंबरापर्यंत लावून दाखवायची. सरांनी माझं नाव पुढं केलं. ही जागा मिळाली तर दिवाळीची टांगती तलवार जाणार होती. नाही मिळाली तर क्लास सुटणार होता.

नंबर लावणं म्हणजे कवायतीला पोरं उंचीनं उभी करण्यासारखं असतं. मास्तर अख्खी रांग एकदम बघत नाहीत. शेजारशेजारचे दोघं बघतात, चुकीचे उभे असले तर अदलाबदल करायला लावतात, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच करत राहतात, कुणालाच हलावं लागत नाही तोवर. फक्त पोरं आपली आपण जागा बदलतात, मशीनमध्ये एका आकड्याच्या जागी दुसरा ठेवला की पहिला पुसलाच जातो. म्हणून एकाला आधी तिसऱ्या, रिकाम्या जागी काढून ठेवावं लागतं. हे मला समजत होतं. पण त्यासाठी मी फ्लॉपीवर तयार केलेल्या प्रोग्रॅममधला मार्क भरून घेण्याचा भाग एका मेडिकलवाल्याच्या भावानं लिहिला होता, अदलाबदल पॉलिटेक्निकच्या एका मुलाची होती, आणि मार्कांबरोबर नावंही हलवण्याची युक्ती सरांची. मी सांधे जुळवले होते. नुसते सांधे जुळवणारीला काय येतं, हा प्रश्न मला एसटीत रोज छळायचा.

खंडेनवमीला सरांनी मशीनची पूजा ठेवली. बापू शेतातला झेंडू घेऊन माझ्याबरोबर आले. क्लासवर ते पहिल्यांदाच येत होते. सरांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. पाटावर फ्लॉपी ठेवलेली होती, तीही पाकिटातून बाहेर काढून, कारण पाकिटाची काय पूजा करायची. पोरीचं अवजार यातलं कोणतं, असं बापूंनी विचारलं, आणि सरांनी कौतुकानं फ्लॉपीकडे बोट दाखवलं. मी तेव्हा दुसऱ्या मशीनला हार बांधत होते. वळून बघते तर बापूंचं हळदकुंकू लावून झालं होतं. फ्लॉपीच्या काळ्या अंगावर एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली चकती उघडी दिसते. तिथं बोट म्हणून लावायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं. बापूंना ती जागा कपाळासारखी वाटली असावी. तिफणीला, विळ्याला लावतात तसं ओल्या बोटानं, घाई न करता, त्यांनी कुंकू बरोबर तिथंच लावलं होतं. वर अक्षताही वाहिल्या होत्या.

बापूंनी प्रसाद घेतला, सगळं लय चांगलं आहे म्हणाले आणि मोंढ्याच्या बाजारात काम होतं म्हणून गेले. ते जिना उतरल्यावर सरांनी रुमालानं चकती पुसली, त्यानं आणखीच घोळ झाला. फ्लॉपी मशीनमध्ये घातली तर आतून खरखर आवाज आला, लाल दिवा लागून राहिला आणि स्क्रीनवर एरर आला. सरांजवळची दुसरी प्रत उन्हाळ्यातली होती, तिच्यात माझा प्रोग्रॅम नव्हता. राग येत होता, पण तो काढायचा कुणावर? वडिलांना काही सांगू नकोस, असं सर म्हणाले. त्यांनी ते सांगायची गरज नव्हती.

दसऱ्याला बापू खुशीत होते. सोनं द्यायला येईल त्याला सांगत होते की पोरीच्या मशिनीची पूजा मी केली. मी आपट्याची पानं देत होते, पाया पडत होते आणि मनात ओळी जुळवत होते. कोणती ओळ कुणाची होती ते आठवायचं, तिच्यात काय लिहिलं होतं ते नाही. ताट तसंच राहिलं. आईला वाटलं, नवरात्राचे उपास बाधले.

दुसऱ्या दिवशी बापू पुन्हा सोबत आले. हेडमास्तर येणार म्हटल्यावर बापानं असायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. या खेपेला सरांनी त्यांना दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. मी कोऱ्या स्क्रीनसमोर बसले. कोपऱ्यात कर्सर लुकलुकत होता, मागं हेडमास्तर खुर्ची ओढून बसले होते. लाइट जाईल अशी भीती वाटत होती आणि गेली तर सुटेन असंही वाटत होतं. मेडिकलवाल्याच्या भावाचा भाग काही आठवेना, तेव्हा मार्क भरून घ्यायचं मी माझ्या पद्धतीनं लिहिलं. अदलाबदलीशी हात थांबला. रिकाम्या जागेत आधी कुणाला ठेवायचं? कवायतीची रांग डोळ्यांपुढं आणून उपयोग नव्हता, तिथं रिकामी जागा लागतच नाही. शेवटी पुटपुटत, एकेक आकडा बोटावर धरून ते लिहिलं, नावंही तशीच हलवली आणि प्रोग्रॅम चालवला.

यादी आली, पण सगळ्यात कमी मार्कांचा मुलगा पहिला. हेडमास्तर हसले, म्हणाले, पोरांना हीच पद्धत आवडेल. माझे कान तापले. पण गंमत अशी की घोडं कुठं पेंड खातंय ते मला दिसत होतं. मोठा की लहान हे बघणारी खूण उलटी पडली होती. ती फिरवली, पुन्हा चालवलं. हेडमास्तरांनी हातातल्या कागदाशी नावं ताडून बघितली आणि दिवाळीनंतर शाळा उघडली की या, असं म्हणाले. आनंद झाला असं म्हटलं तर खोटं होईल. सुटले, एवढंच वाटलं.

परतीच्या एसटीत बापू खिडकीशी बसले होते. नोकरीचं सांगितल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. मग बाहेर बघतच म्हणाले, "परवा माझ्या हातानं बिघडलं ना, माय?"

मी नाही म्हणाले. फ्लॉपी जुनीच होती, म्हणाले.

"परवा हाताला धरून आत नेलं, आज बाकावर बसवलं. आडानी हाय मी, पर एवढं कळतंय." पुढं गाव आलं. उतरताना म्हणाले, "जात जा रोज. कुणी काय म्हनलं तर मी हाय. पर मला तितं नेऊ नको."

पुढं कितीतरी वर्षं मी त्या शाळेत शिकवलं. घरी स्वतःचा कॉम्प्युटर आला तेव्हा बापू थकले होते. नातवंडं त्यांना ओढून आणायची, हे बटन दाबा म्हणायची. ते यायचे, डोळे भरून बघायचे, पण दोन्ही हात पाठीमागं धरून उभे राहायचे. कशालाच काही होत नाही, लावा हात, असं मी कितीदा सांगितलं. ते नुसते मान हलवायचे आणि आणखी एक पाऊल मागं सरायचे.