तोरणातला धान कोणाचा?

मैत्रिणींनो, आज सुनेनं धानाच्या लोंब्यांचं तोरण दारावर बांधलं. कौतुक करायचं सोडून मी आधी दाणा चोळून पाहिला!

ऐंशीच्या सुमारास सिहोऱ्यात, सासरच्या माझ्या पहिल्या दिवाळीला मीही असंच तोरण केलं होतं. सासूबाईंनी दाणा चोळून वाण ओळखला. "हा आपला धान नाही होय. कोणाच्या बांधीतून तोडला?"

मी नवखी, चुकून शेजाऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शिरले होते. दोन दिवस सासूबाई माझ्याकडे चोराकडे पाहावं तशा पाहत होत्या. शेवटी माफी मागायला मला शेजारणीकडे घेऊन गेल्या.

तिच्याही दारावर तोरण होतं. सासूबाईंनी दाणा चोळला, नि शेजारणीनं मान खाली घातली. तो धान आमचा होता!

माफी राहिली, चकल्या खाऊन परतलो.

खरं सांगा, तुमच्या दारावरचा धान तुमचाच आहे ना?